पंचावन्न मासे

दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० गोल पाने असतात. अवतार दहा, प्रत्येकाची पाने बारा. त्यांतली दोन राजा आणि प्रधानाची, उरलेली दहा एक्क्यापासून दश्शीपर्यंतची. मत्स्यावताराच्या एक्क्यावर एक मासा, दुर्रीवर दोन, तिर्रीवर तीन, असे करत दश्शीवर दहा. बेरीज केली तर एका अवतारापुरते पंचावन्न मासे होतात आणि साऱ्या संचात मिळून ५५० चिन्हे. कुठे परशू, कुठे कमंडलू, कुठे कासव. सावंतवाडीच्या चितारी कारागिराला संच पुरा करायचा म्हणजे तळहातात मावणाऱ्या वर्तुळांत एवढ्या वेळा कुंचला टेकवावा लागतो, आणि प्रत्येक पानावर जागा वेगळी मिळते. एक्क्यावरचा मासा ऐसपैस पोहतो, दश्शीवरचा अंग चोरून बसतो. पहिल्या माशाच्या शेपटीत आणि पंचावन्नाव्या माशाच्या शेपटीत जो फरक पडतो त्याला आपल्याकडे हात बसणे म्हणतात. रंगकामातल्या सुधारणेसाठी याहून नेमका शब्द मराठीत मला दिसत नाही, आणि आज मिनिएचर रंगवणाऱ्या तरुणांना सांगायची मुख्य गोष्ट या शब्दातच आहे.

मिनिएचर म्हणजे इथे कागदावरचे लघुचित्र नाही. बोटाच्या जेमतेम एका पेराएवढी, प्लॅस्टिकची, रेझिनची किंवा धातूची मूर्ती: कुऱ्हाड उगारलेला राक्षस, पंख पसरलेला ड्रॅगन, लांब कानांची धनुर्धर. टेबलावर खेळायच्या कल्पनारम्य युद्धखेळांसाठी आणि कथाखेळांसाठी या मूर्ती घडवतात, आणि त्या बहुधा बिनरंगी येतात, रंगवायच्या आपणच. बेंगळुरूसारख्या शहरात बोर्डगेमची आवड आता चांगलीच रुजली आहे. घरगुती थ्रीडी प्रिंटर आवाक्यात आल्यापासून पूर्वी परदेशातून मागवावी लागणारी मूर्ती शेजारच्या गल्लीतही छापून मिळू शकते. बेंगळुरूतल्या राजाजीनगरात हा छंद शोभतो, असे मला वाटते. हा भाग वसला तोच कारखान्यांच्या सोबतीने. रवी किर्लोस्करांनी १९४६ साली बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू केली. तिच्या कारखान्याच्या मोठ्या आवारात मल्लेश्वरम-राजाजीनगरच्या सीमेवर आज ओरायन मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत. पण आजूबाजूच्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथ, जिग आणि फिक्श्चरच्या कामाची आठवण अजून पुसलेली नाही. एकाच मापाचे शंभर नग काढताना हात कसा तयार होतो, हे इथल्या जुन्या टर्नर-फिटरना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या नातवंडांना मात्र ती गोष्ट पुन्हा सांगावी लागते आहे.

कारण मिनिएचर रंगवणारा माणूस काही महिन्यांत एका जागी येऊन अडकतो. रंग बसतो, पण मूर्ती जिवंत वाटत नाही. मग तो विचारतो, सुधारायचे कसे? बाजाराकडे तीन उत्तरे तयार असतात: महागडे रंग घ्या, आणखी बारीक ब्रश घ्या, आणखी एक व्हिडिओ पाहा. तिन्हींत थोडे तथ्य आहे. पण माझे म्हणणे असे, की अडचणीचे मूळ कामाच्या मांडणीत आहे. एकच मूर्ती समोर ठेवून ती सर्वोत्कृष्ट व्हावी म्हणून महिना घालवणे, हा शिकण्याचा सर्वांत मंद मार्ग आहे. पाच-सात मूर्ती एका ओळीत मांडाव्यात, एकच क्रिया सगळ्यांवर करत जावे, आणि दर खेपेला एकच कौशल्य सुधारायचे ठरवावे. जुन्या कारखान्यांतून, चितारआळीतून आणि पेणच्या कार्यशाळांतून चालत आलेला हा शिरस्ता मिनिएचरलाही तंतोतंत लागू पडतो.

या छंदाचा इतिहासही त्याच बाजूने बोलतो. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटनच्या कंपनीने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्याची पद्धत बसवली आणि खेळण्यातले सैन्य मध्यमवर्गीय घरांत पोचले. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून त्या सैनिकांच्या लढायांचे नियम छापले. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कथाखेळ आला तेव्हा तो रचणाऱ्या गॅरी गायगॅक्स आणि त्याच्या मित्रांकडे राक्षसांच्या पुरेशा मूर्तीसुद्धा नव्हत्या. दुकानात मिळणारी स्वस्त प्लॅस्टिकची विचित्र जनावरे त्यांनी टेबलावर ठेवली, आणि त्या आकारांवरूनच खेळातले काही राक्षस जन्मले. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ची, तिचा वॉरहॅमर हा खेळ १९८३चा. वॉरहॅमर हा सैन्यांचा खेळ. त्यात एक मूर्ती रंगवून भागत नाही, पथकेच्या पथके रंगवावी लागतात. म्हणजे या कलेचे शिक्षण सुरुवातीपासून घाऊक कामातच झाले. १९८७मध्ये त्याच कंपनीने गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धा सुरू केली. तिने या कलेची उंची वाढवली, हे निर्विवाद. पण तिच्यामुळे, आणि पुढे फोनच्या पडद्यामुळे, नवशिक्याची नजर पथकावरून उचलून एकेका नमुन्यावर खिळली, असे मला वाटते. शिखर दिसू लागले आणि पायवाट नजरेआड झाली.

आता मूळ कामाकडे येऊ, कारण घाऊक सरावाचे महत्त्व रंगाच्या स्वभावातून निघते. २८ मिलिमीटरची मूर्ती म्हणजे पावणेसहा फुटांच्या माणसाचा साधारण साठावा भाग. तिचे डोके चार-पाच मिलिमीटर, डोळा एका मिलिमीटरहून लहान. मूर्ती लहान होते, पण खोलीतला उजेड तिच्या मापाने लहान होत नाही. खऱ्या माणसाच्या अंगरख्याच्या चुणीत ठळक सावली पडते. अर्ध्या मिलिमीटरच्या चुणीत मात्र ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडून शिरतो आणि सावली विरून जाते. त्यामुळे प्रत्यक्षातला लाल रंग जसाच्या तसा फासला तर मूर्ती सपाट, प्लॅस्टिकची दिसते. न पडलेली सावली रंगवावी लागते, न चमकलेली कड उजळावी लागते. मिनिएचरचे सारे तंत्र या एका गरजेपोटी आले आहे. आधी काळे प्रायमर मारून वरून पांढऱ्याची फवारणी करायची, म्हणजे माध्यान्हीच्या उन्हात अंगाचा कोणता भाग उजळेल ते दिसते. मग मूळ रंगाचे दोन पातळ हात. मग वॉश, म्हणजे पाणीदार गडद रंग, जो आपोआप खाचांत उतरतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर हलका फिकट रंग. मग कडांवर बारीक उजळ रेघ आणि शेवटी चेहरा.

हा क्रम तासाभरात पाठ होतो. व्हिडिओ तोच शिकवतात आणि छान शिकवतात. पण प्रत्येक पायरीवर खरा प्रश्न पाण्याचा असतो. रंग ताकाएवढा पातळ हवा, इतके कुणीही सांगेल. त्यातून ब्रश उचलल्यावर कागदावर किती टिपायचा, हे सांगता येत नाही. जास्त राहिला तर ओघळ येतो आणि कोरलेल्या बारकाव्यावर तळे साचते. कमी राहिला तर रंग ब्रशवरच सुकतो आणि पृष्ठभागावर खरखरीत कण उमटतात. वॉश खाचेत थांबायला हवा, पण सपाट मांडीवर डाग ठेवून जाता कामा नये. तो सुकण्याच्या आत ओलसर ब्रशने उचलून घ्यायचा तो क्षण काही सेकंदांचा असतो. हवाही हिशेबात येते. पावसाळ्यात दमट गच्चीत स्प्रेचे प्रायमर मारले तर मूर्तीवर भुकटी बसल्यासारखा थर येतो. ही सारी माहिती बोटांत साठवायची आहे. एका मूर्तीवर वॉशचा तो क्षण एकदा येतो, आणि पुढची मूर्ती महिन्याने घेतली तर दुसऱ्यांदा महिन्याने. सात मूर्ती ओळीत असतील तर तोच क्षण अर्ध्या तासात सात वेळा येतो. तिसरीवर झालेली चूक चौथीवर लगेच दुरुस्त करता येते, आधीच्या चुकीची आठवण ताजी असताना. ओळीत काम करण्याचा आणखी एक लाभ अगदी साधा आहे: सातव्या मूर्तीला हात लागेपर्यंत पहिली सुकलेली असते. ओल्या रंगावर दुसरा हात मारण्याची अधीरता ही नवशिक्याची सर्वांत मोठी खोड, आणि ओळ ती आपोआप मोडते.

पेणच्या गणपतींच्या कार्यशाळांत हे तत्त्व कळसाला पोचलेले दिसते. गणेशोत्सव सरला की थोड्याच काळात पुढच्या वर्षाची माती साच्यात जाते. मग वाळवण, घासणे, पांढरा हात, अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. अंगाला रंग देणारे हात अनेक असतात. आखणीला बसतो तो मुरलेला कारागीर. मूर्तींच्या रांगेतून तो एकामागून एक नजर उघडत जातो. वरच्या पापणीची रेघ, बुबुळ, त्यातला पांढरा ठिपका. त्या ठिपक्याची जागा केसभर हलली तरी मूर्ती आपल्याकडे पाहायची थांबते. डोळा रंगवताना दचकणे ही मिनिएचर रंगवणाऱ्यांची सार्वत्रिक भीती आहे. पेणच्या कारागिराला ती भीती उरत नाही, कारण त्याचा हात त्या रेघेला हजारो वेळा सामोरा गेलेला असतो. ज्याने वर्षभरात बारा डोळे काढले आणि ज्याने एका दुपारी चाळीस काढले, त्यांच्यातले अंतर प्रतिभेने भरून निघत नाही.

यावर पहिला आक्षेप आपल्याच अंगणातून येतो, आणि तो कमजोर नाही. दिवाळीच्या किल्ल्यासाठी बाजारात येणारे मावळे पाहा. तेही घाऊकच रंगवतात, शेकड्यांनी रंगवतात. तरी कित्येकांचा डोळा गालावर असतो, मिशी ओठाखाली उतरलेली असते, पागोट्याचा केशरी रंग कपाळावर ओघळलेला असतो. संख्येने हात बसत असता तर हे मावळे जगातली उत्तम मिनिएचर ठरायला हवी होती. आक्षेपाचा रोख बरोबर आहे: नुसत्या संख्येने फक्त वेग येतो. नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला मिशी सुधारायला सवड नसते, आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. सराव आणि हेतुपूर्ण सराव यांतला फरक अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून मांडला. पुढे गेलेले वादक नुसते जास्त वाजवत नव्हते. ते एकटे बसून आपल्या कच्च्या जागा हेरून घोटत होते. म्हणूनच माझ्या मांडणीत दर खेपेला एक कौशल्य आधी ठरवायची अट आहे. या खेपेस फक्त वॉश, पुढच्या खेपेस फक्त कडा, त्यापुढे फक्त डोळे. बाकीचे काम जमेल तसे करावे, त्यावर रात्र जागवू नये.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर एक प्रयोग केला. एका गटाने तीन हालचाली ठोकळेबाज क्रमाने शिकल्या: आधी पहिलीच पुन्हा पुन्हा, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने त्याच तीन हालचाली उलटसुलट मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसला. पण काही काळाने परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेल्यांच्या हाताने जास्त लक्षात ठेवलेले होते. म्हणजे एकच गोष्ट घोकताना जी प्रगती जाणवते ती काही अंशी फसवी असते. हा निष्कर्ष मान्य केला तर माझे म्हणणे कोसळते का? मला वाटते, तो त्याला अधिक नेमके करतो. सात मूर्ती एकसारख्या साच्यातल्या, एकाच पवित्र्यातल्या घेतल्या तर धोका खराच आहे. सहाव्या मूर्तीला हात यंत्रासारखा चालतो आणि डोळा झोपतो. म्हणून ओळ मिश्र हवी. एक चिलखतातला, एक झगा घातलेला, एक उघड्या अंगाचा राक्षस, एक लोकरी अंगाचे जनावर. क्रिया तीच, अंग वेगळे. चिलखताच्या खाचेत वॉश झरझर उतरतो, लोकरीत तो अडकतो, उघड्या पाठीवर तो डाग पाडतो. प्रत्येक वेळी हाताला नव्याने अंदाज घ्यावा लागतो. गंजिफाच्या पंचावन्न माशांचे मर्मही हेच आहे. मासा तोच, पण दर पानावर त्याची जागा, दिशा आणि आकार बदलतो. परंपरेने हा शोध प्रयोगशाळेशिवाय लावला, आणि त्याचे श्रेय तिला मोकळेपणाने द्यायला हवे.

तिसरा आक्षेप स्पर्धेच्या बाजूने येतो. गोल्डन डेमनच्या दर्जाची मूर्ती रंगवणारे एका नमुन्यावर महिनोन्‌महिने घालवतात. धातूचा रंग न वापरता नुसत्या करड्या-पिवळ्या छटांतून सोन्याचांदीची झळाळी उभी करतात. हातातल्या मशालीचा उजेड चेहऱ्यावर पडल्याचा भास निर्माण करतात. ते चूक करतात का? मुळीच नाही. ते काम थोर आहे आणि त्याला तेवढा वेळ लागतोच. पण ज्याला कडेवरची रेघ एका श्वासात ओढता येते त्याचा महिना आणि ज्याला ती अजून थरथरत ओढावी लागते त्याचा महिना, हे दोन वेगळे महिने आहेत. पहिला विचारात जातो, दुसरा खाडाखोडीत. खाडाखोडीचा प्रत्येक थर पृष्ठभागावर जाडी चढवतो, आणि अखेरीस कोरीव काम रंगाखाली बुजते. रागाची मांडणी करायला बसण्याआधी पलटे घोटून घेतात, त्यात गायकाला कमीपणा वाटत नाही. वर्षातून एकदा एक मोठी मूर्ती मनापासून, सावकाश रंगवावी. ती वर्षभराच्या ओळींतून आलेल्या हाताची परीक्षा असावी. हात घडवण्याचे काम तिच्यावर सोपवू नये.

साहित्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. परदेशी मिनिएचर रंगांत रंगद्रव्य बारीक दळलेले असते आणि ते पातळ थरातही झाकतात, हे खरे. पण त्यांच्यावाचून शिकणे अडत नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या व्यवसायातून कॅम्लिन उभी राहिली, आणि तिचे अ‍ॅक्रिलिक रंग आज कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. पाण्याऐवजी थोडे मॅट मीडियम घालून ते पातळ केले आणि दोनाऐवजी तीन हात मारले तर ओळीचा सराव त्यांवर उत्तम होतो. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग. दिवसभर ओला राहतो. ब्रशाच्या बाबतीत एक समज मात्र सोडून द्यायला हवा. डोळा बारीक म्हणून ब्रश तीन शून्यांचा, असे वाटते. पण इतक्या बारीक ब्रशात ओल टिकत नाही, रंग टोकावरच सुकतो. एक किंवा दोन नंबरचा, भरल्या पोटाचा आणि सुईसारख्या टोकाचा ब्रश त्याहून बारीक रेघ ओढतो. मुंगसाच्या केसांचे ब्रश कुणी देऊ केले तर घेऊ नयेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि एका ब्रशाखातर मुंगूस मरावे इतकी कुठलीच रेघ मोठी नाही. टोक आणायला ब्रश ओठात धरायची सवयही लागू देऊ नये. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचे आकडे काढणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींनी शतकापूर्वी त्या सवयीची किंमत जिवाने मोजली. आपल्या रंगांत रेडियम नाही, पण काहींत कॅडमियम आणि कोबाल्टची संयुगे असतात.

२०१९ साली गेम्स वर्कशॉपने कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आणले. एकाच हातात मूळ रंग आणि सावली दोन्ही उमटावीत अशी त्यांची घडण आहे, आणि पुढे इतर कंपन्यांचेही तसे रंग आले. मग सरावाची कटकट कशाला, असे कुणी म्हणेल. टेबलावर लवकर सैन्य उभे करायचे असेल तर हे रंग वरदान आहेत आणि ते वापरण्यात कसलीही लबाडी नाही. पण तेही पाण्याच्याच नियमाने चालतात. सपाट ढालीवर ते तळे करतात, आणि ते तळे वेळेत उचलणारा हात पुन्हा सरावाचाच असतो.

राहिला तो आक्षेप, जो मराठी घरांत हळू आवाजात घेतला जातो: हे परक्यांचे खेळ, परक्यांचे राक्षस, यात आपल्या मुलांनी वेळ का घालवावा? या प्रश्नाकडे राजाजीनगरातून पाहिले की उत्तर सोपे होते. नवरात्रात इथल्या कितीतरी घरांत पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. गोंबे हब्ब म्हणजे बाहुल्यांचा सण. त्यात मानाची जागा पट्टद गोंबे या लाकडी राजाराणीच्या जोडीला. ही जोडी लग्नात मुलीला देतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. कोप्पळजवळच्या किन्हाळचे चित्रगार लाकडी मूर्ती रंगवतात, सावंतवाडीचे चितारी गंजिफा आणि लाकडी वस्तू रंगवतात; दोन भाषांतली ही दोन नावे एकाच धंद्याची आहेत. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयरांनी गंजिफाचे नवनवे खेळ स्वतः रचले, आणि सावंतवाडीत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात विझत चाललेली गंजिफा पुन्हा पेटवली. खेळासाठी लहान आकारात अद्‌भुत प्राणी रंगवणे या दोन्ही मुलखांना नवीन नाही. कर्नाटकाचे राजचिन्ह असलेला दोन डोक्यांचा गंडभेरुंड, अर्धा सिंह अर्धा माणूस असलेला नरसिंह, देवळाच्या खांबांवरचे व्याळ, हे सारे कुठल्याही ड्रॅगनच्या तोडीचे आहेत. छापील मूर्तींच्या बाजारात ते फार थोडे दिसतात, ही मला खरी खंत वाटते. नरसिंहाच्या गळ्यावर माणसाची कातडी संपून आयाळ सुरू होते ती जागा रंगवणे हे छटा मिसळण्याचे फार अवघड आणि फार सुंदर काम आहे. ते ज्याला जमेल त्याला कुठलाही परदेशी राक्षस अवघड वाटणार नाही.

या जवळिकीचा एक व्यवहारी उपयोग आहे, आणि तो आपण करून घेत नाही. मिनिएचरचे तरुण उजेड-सावलीत तरबेज होत आहेत. रेघेत मात्र कच्चे आहेत. आपले चितारी, चित्रगार आणि आखणीचे कारागीर रेघेचे राजे आहेत. त्यांचे उत्पन्न हंगामी आहे आणि त्यांच्या कौशल्याला शिकवणीचा भाव क्वचित मिळतो. बेंगळुरूतल्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवात मूर्तिकाराला मूर्ती बसवण्यापुरतेच बोलावू नये. आखणीच्या कारागिराला चार दिवस ठेवून घ्यावे, त्याला रीतसर मानधन द्यावे, आणि प्रत्येक शिकाऊ माणसासमोर चाळीस कोरे चेहरे ठेवावेत. कर्नाटक चित्रकला परिषदेच्या चित्रसंते या चित्रांच्या बाजारासाठी दर वर्षी सारे शहर लोटते. लहान मूर्तींच्या रंगकामाची एक रांग तिथे सहज बसू शकेल. कारागीर येईल तेव्हा तो बारीक रेघेइतकीच आणखी एक गोष्ट शिकवील, ती म्हणजे अंतर. पेणची मूर्ती समोर चार हातांवर बसलेल्या भक्तासाठी रंगवलेली असते, गंजिफाचे पान चटईच्या पलीकडच्या खेळाडूला ओळखू यावे म्हणून. मिनिएचरही टेबलापलीकडून, हातभर अंतरावरून पाहायची वस्तू आहे. फोनच्या पडद्यावर दसपट मोठी करून पाहिली की निरोगी काम खडबडीत दिसते, आणि शिकणारा नको तिथे गुळगुळीत करत बसतो. ओळ पुरी झाली की ती फळीवर ठेवावी, चार पावले मागे सरावे, आणि कोणती मूर्ती आधी डोळ्यात भरते ते पाहावे. फोटो नंतर.

दसरा ते दिवाळी साधारण वीस दिवस असतात. बाहुल्यांच्या पायऱ्या उतरतात आणि किल्ल्याची माती अजून यायची असते. राजाजीनगरातल्या ज्या घरात रेझिनचे राक्षस रंगवणारी मुलगी किंवा मुलगा आहे, तिथे या वीस दिवसांसाठी बिनरंगी मावळे आणावेत, निरनिराळ्या पवित्र्यांतले, वीस तरी. पहिल्या पाचांवर वॉश. पुढच्या पाचांवर पागोट्याच्या पिळाच्या कडा. त्यापुढे सगळ्यांचे डोळे आणि मिशा, एका बैठकीत. नरकचतुर्दशीला ते किल्ल्याच्या तटावर रंगवल्या क्रमाने उभे करावेत. तटाच्या एका टोकाला पहिला मावळा असेल आणि दुसऱ्या टोकाला विसावा.